कोशामागचे हेडमास्तर

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

नऊ ऑगस्टला शाळाशाळांतून क्रांतिदिन साजरा होतो आणि तो व्हायलाच हवा. प्रभातफेरी, घोषणा, एखाद्या वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिकाच्या घरच्यांचा सत्कार, यात सकाळ जाते. याच तारखेला, १८९२ साली, एक हेडमास्तर वारले. वय जेमतेम चौतीस. नाव वामन शिवराम आपटे. क्रांतिदिनाच्या गर्दीत त्यांची पुण्यतिथी कोणाच्या लक्षात राहत नाही. त्या दिवशी त्यांचे स्मरण करणारी शाळा माझ्या नोकरीच्या काळात मला भेटली नाही, निवृत्तीनंतरही नाही. म्हणून हे पत्र. थोडे लांबेल, पण कृपया कात्री लावू नये ही विनंती.

आपटे म्हटल्यावर संस्कृत शिकलेल्या माणसाच्या तोंडून पहिला शब्द येतो तो ‘कोश’. ‘आपट्यात बघ’ हे वाक्य आम्ही शिक्षक रोज वापरायचो, जणू आपटे हे एखाद्या कपाटाचे नाव आहे. त्या कपाटामागे मॅट्रिकपर्यंतची पोरे सांभाळणारा, वेळापत्रक लावणारा, फी गोळा करणारा, बदली तासाला स्वतः वर्गावर जाणारा एक मुख्याध्यापक होता, हे मात्र बी.ए.पर्यंत संस्कृत घेतलेल्यांनाही माहीत नसते. मी तालुक्याच्या प्रशिक्षण वर्गांत संस्कृतच्या शिक्षकांना मुद्दाम विचारत असे. ‘आपटे कुठल्या शाळेचे हेडमास्तर?’ उत्तर क्वचितच मिळे.

ती शाळा म्हणजे पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल. १८८० च्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नामजोशी यांनी ती काढली, हे शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात असते. पहिल्याच वर्षात आपटे तिथे दाखल झाले. एम.ए. होऊन वर्षच झाले होते. त्या काळी डेक्कन कॉलेजातून एम.ए. झालेल्या तरुणाला सरकारी खात्याची दारे उघडी असत. पगार ठरलेला, बढती ठरलेली, पेन्शन ठरलेले. आपट्यांचे संस्कृत तर तिथले जर्मन संस्कृतपंडित खुद्द कीलहॉर्न यांच्या हाताखाली तयार झालेले. ते सारे बाजूला ठेवून, महिनाअखेरीला काय हाती पडेल याची शाश्वती नसलेल्या खाजगी शाळेत हा माणूस गेला, आणि जन्मभर त्याच संस्थेच्या कामात राहिला.

मी सावंतवाडीची. आपट्यांचा जन्म आमच्याच सावंतवाडी संस्थानातला, बांदे पेट्यातल्या असोलोपाल गावचा, १८५८ सालचा. लहानपणीच वडील गेले, घर खालावले, कुटुंब कोल्हापूरला आले, पुढे आईही गेली. अशा पोरक्या मुलाचे त्या काळी काय होत असेल? कोणाच्या तरी पेढीवर चिठ्ठ्या लिहिणे, नाहीतर माधुकरी. पण राजाराम हायस्कुलात महादेव मोरेश्वर कुंटे हे हेडमास्तर होते. कवी म्हणून त्यांचे नाव वाङ्मयाच्या इतिहासात आहे. त्यांनी या मुलाची बुद्धी हेरली आणि त्याच्या पाठीशी उभे राहिले. १८७३ साली मुलगा मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती घेऊन बाहेर पडला. मला या कथेत सर्वांत मोलाचा वाटतो तो हा कुंट्यांचा भाग. एका हेडमास्तराने एक मुलगा वेळेवर ओळखला आणि त्या मुलातून दुसरा हेडमास्तर तयार झाला. शाळेच्या ऑफिसात बसून कागद भरणाऱ्या माणसाला हे कसे जमेल? त्यासाठी वर्गात जावे लागते, वह्या बघाव्या लागतात, मुलाची चप्पल आणि डबा बघावा लागतो.

आता १८८२ साल घ्या. माझ्या मते आपट्यांचे खरे मोठेपण त्या एका वर्षात आहे.

मार्चच्या १७ तारखेला विष्णुशास्त्री वारले. शाळेचा सर्वांत मोठा आधार, ज्यांच्या नावावर पालकांनी मुले पाठवली, तोच गेला. कोल्हापूरच्या छत्रपतींना होणाऱ्या वागणुकीबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’त जे छापून आले त्यावरून दिवाण बर्वे यांनी खटला भरला होता. जुलैत टिळक आणि आगरकर या दोघांना शिक्षा झाली आणि ते डोंगरीच्या तुरुंगात गेले. १०१ दिवसांनी, ऑक्टोबरअखेर सुटले. ही एकशे एक दिवसांची कथा आपण सगळ्यांनी वाचली आहे, आगरकरांनी लिहिलीही आहे. त्या एकशे एक दिवसांत शाळा कोण चालवत होते, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही.

मी खाजगी शाळेची मुख्याध्यापिका होते, म्हणून मला तो प्रश्न पडतो. दोन शिक्षक एकाच वेळी दीर्घ रजेवर गेले तर काय होते ते मी भोगले आहे. गणिताचा तास कोणी घ्यायचा, नववीला इंग्रजी कोण शिकवणार, सहामाहीचे पेपर कोण काढणार. इथे तर शिक्षक तुरुंगात होते. शाळा निघून तिसरे वर्ष चालू, संस्थापक वारलेला, आणि दोन मास्तरांना सरकारी न्यायालयाने गुन्हेगार ठरवलेले. आपला मुलगा अशा शाळेत ठेवायचा की काढून सरकारी हायस्कुलात घालायचा, याचा विचार किती घरांतून झाला असेल! आपटे तेव्हा चोवीस वर्षांचे होते. विष्णुशास्त्र्यांच्या पश्चात शाळेची धुरा त्यांच्याकडे होती. सोबतीला नामजोशी होते, इतर सहकारी होते, हे खरेच. पण तास भरले की नाही, हजेरी लागली की नाही, पोरांच्या परीक्षा वेळेवर झाल्या की नाही, हे बघणारा माणूस एकच असतो. शाळा बंद पडली नाही. एवढेच काय, पट वाढत राहिला आणि पाचेक वर्षांत हजाराच्या घरात गेला.

त्याच वर्षी हंटर आयोग पुण्याला आला. देशभरच्या शिक्षणाची पाहणी करायला सरकारने नेमलेला आयोग. आपट्यांनी त्याच्यापुढे शाळेच्या बाजूने साक्ष दिली. डॉ. हंटर यांनी शाळा पाहिली आणि शेरा दिला तो असा, की सरकारची काहीही मदत न घेणारी ही संस्था सरकारी हायस्कुलांशी बरोबरी करू शकते, आणि इतर देशांतल्या शाळांशीही तिची तुलना होऊ शकेल. हिंदुस्थानभर हिंडून त्यांना या तोडीची शाळा दिसली नव्हती. आज कुठल्या शाळेला असा शेरा मिळाला तर प्रवेशद्वारावर फ्लेक्स लागेल. आपट्यांनी त्याचे काय केले ते मी वाचलेले नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळा नेहमीच्या वेळेला भरली असणार, याची मला खात्री वाटते.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाणे मला बरे वाटत नाही. त्याच हंटर आयोगापुढे त्याच पुण्यातून, १९ ऑक्टोबर १८८२ चे, महात्मा जोतीराव फुले यांचे निवेदन गेले. सरकार वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर पैसा खर्च करते आणि तो पैसा येतो शेतकऱ्याच्या कष्टातून, त्याच्या मुलांना मात्र प्राथमिक शाळा नाही, हे त्यांनी स्पष्ट मांडले. मुलींच्या शिक्षणाची बाजूही जोतीरावांनीच घेतली. न्यू इंग्लिश स्कूलच्या वर्गांत तेव्हा माझ्यासारखी मुलगी बसू शकली नसती. बहुतेक मुले ब्राह्मणांच्या घरची होती. हे झाकून आपट्यांचे गुणगान करणे मला मान्य नाही. पण जोतीरावांचे निवेदन आणि आपट्यांच्या शाळेला मिळालेला शेरा, दोन्ही एकाच वर्षी, एकाच गावात घडले, आणि डी.एड., बी.एड.च्या वर्गांत ही दोन्ही कागदपत्रे शेजारीशेजारी ठेवून शिकवली तर भावी शिक्षकांना महाराष्ट्राच्या शिक्षणाचा अर्धा इतिहास एका आठवड्यात कळेल. मी मुख्याध्यापिका असताना नव्या शिक्षकांना हे दोन्ही वाचायला देत असे.

१८८४ च्या २४ ऑक्टोबरला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १८८५ च्या २ जानेवारीला फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. पहिले प्राचार्य आपटे. वय सत्तावीसच्या आसपास. कॉलेजला गव्हर्नरचे नाव, पुढे सरकारी अनुदानही, म्हणजे ‘सरकारपासून अलिप्त’ हा बाणा काळाप्रमाणे बदलत गेला. त्यावर टीका करायची तर करता येईल. मला त्यात फार गोडी नाही. शाळा आणि कॉलेज चालवायचे तर महिन्याच्या शेवटी पगार वाटावे लागतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आज टेकडीच्या पायथ्याशी फर्ग्युसनची जी देखणी इमारत आहे तिथे कॉलेज १८९५ साली गेले. पहिल्या प्राचार्यांना ती बघायला मिळाली नाही. त्यांच्यानंतर प्राचार्य झालेले आगरकरही त्याच १८९५ मध्ये, अडतिसाव्या वर्षी गेले. बत्तिशीच्या आत विष्णुशास्त्री, चौतिसाव्या वर्षी आपटे, अडतिसाव्या वर्षी आगरकर. ही वये मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. दहावीच्या मुलांना चौतीस म्हणजे म्हातारपण वाटते, शिक्षकांच्या डोळ्यांत मात्र पाणी यायचे.

आता कोशाकडे येते, कारण माझ्या म्हणण्याचा गाभा तिथे आहे. हा कोश विद्वानाने विद्वानांसाठी केलेला नाही, हेडमास्तराने विद्यार्थ्यांसाठी केलेला आहे. कोणतेही पान उघडले की ते दिसते.

१८८१ साली, शाळेत येऊन वर्ष होते न होते तोच, आपट्यांनी संस्कृत रचनेचे ‘गाइड’ लिहिले. इंग्रजीतून संस्कृतमध्ये वाक्ये कशी करायची हे शिकवणारे हे पुस्तक. विभक्ती का लागते, कोणत्या धातूला दोन कर्मे चालतात, कोणते अव्यय कुठे शोभते, हे धड्याधड्याने समजावलेले, आणि उदाहरणे कालिदास, भवभूती, बाण यांची. ‘रामः वनं गच्छति’ छापाची बनवलेली वाक्ये देऊन भागले असते. तसे न करता त्यांनी थेट मोठ्या कवींच्या ओळी मुलांपुढे ठेवल्या. ज्याने रोज वर्गात शिकवले त्यालाच हे सुचते, कारण पोरांना खोटे वाक्य कंटाळवाणे वाटते आणि खरे वाक्य अवघड असले तरी आवडते. पाठोपाठ १८८४ साली इंग्रजी-संस्कृत कोश आला, आणि १८९० साली तो मोठा संस्कृत-इंग्रजी कोश, हजारावर पानांचा. त्या वेळी ते बत्तीस वर्षांचे होते आणि कॉलेज चालवत होते.

माझ्या टेबलावर १९५७ ते ५९ च्या दरम्यान निघालेली, गोडे आणि कर्वे यांनी वाढवलेली तीन खंडांची आवृत्ती असते. कोणाला आपट्यांमधला मास्तर बघायचा असेल तर त्याने ‘न्याय’ हा शब्द काढावा. आधी अर्थ येतात, नीती, तर्कशास्त्र, वगैरे. मग ते थांबत नाहीत. संस्कृतात शास्त्रकार जागोजागी जे लौकिक न्याय, म्हणजे म्हणीसारखे दृष्टान्त, वापरतात त्यांची एक मोठी मालिकाच ते देतात, आणि प्रत्येक न्याय गोष्टीसारखा समजावून सांगतात. सूचीकटाहन्याय: लोहाराकडे एकाने सुई मागितली, दुसऱ्याने कढई, तर आधी सुई करायची, म्हणजे सोपे काम आधी उरकायचे. दंडापूपन्याय: काठीला अपूप, म्हणजे गोड वडे, बांधून ठेवले होते, काठीच उंदराने खाल्ली म्हणताना अपूपांचे काय झाले ते वेगळे सांगायला नको. घुणाक्षरन्याय: लाकूड पोखरताना किड्याकडून नकळत अक्षर उमटते, तसे एखादे काम योगायोगाने साधते. देहलीदीपन्याय, काकतालीयन्याय, पिष्टपेषणन्याय, सिंहावलोकनन्याय. आणि मला सर्वांत आवडणारा वृद्धकुमारीवाक्यन्याय. इंद्राने म्हाताऱ्या कुमारिकेला एकच वर माग म्हटले. ती म्हणाली, माझ्या मुलांनी सोन्याच्या ताटात दूध-तूप-भात जेवावा. एका वाक्यात नवरा, मुले, गाईगुरे, धान्य, सोने, सगळे मागून झाले. ही गोष्ट मी आठवीला सांगितली की वर्ग हसायचा आणि पुढच्या वेळी मुले स्वतःहून विचारायची, ‘बाई, आपट्यातला आज कुठला न्याय?’

कोशात एवढ्या गोष्टी कशाला? शब्दकोशाचे काम शब्दार्थ देणे. पण समोर बसलेले पोर पुस्तक वाचताना कुठे अडखळते हे आपट्यांना ठाऊक होते. ‘घुणाक्षर’ शब्द आला की पोर अडणार, अर्थ कळला तरी गंमत कळणार नाही. म्हणून गंमतही तिथेच. प्रत्येक अर्थापुढे ते नुसता ग्रंथाचा उल्लेख करून थांबत नाहीत, पुष्कळदा ती ओळच देतात. ‘रघुवंशात असा वापर आहे’ एवढ्यावर भागवायचे, तर खेड्यातल्या विद्यार्थ्याने ‘रघुवंश’ आणायचे कुठून? शेवटी परिशिष्टे आहेत. एकात वृत्तांची लक्षणे, एकात ग्रंथकार आणि त्यांचे काळ, एकात प्राचीन भूगोलातली नावे. एका पुस्तकात वाचनालय बसवलेले आहे. ज्या मुलाच्या घरी दुसरे पुस्तक नाही त्याच्यासाठी ही तजवीज आहे, आणि ती पोरक्या, गरीब मुलाने केली आहे हे मी विसरू शकत नाही.

टिळकांनी १८९० साली सोसायटीचा राजीनामा दिला. आजीव सभासदांनी बाहेरची कामे करावीत की नाहीत, बाहेरची कमाई स्वतःजवळ ठेवावी की नाही, यावरून तिथे तीव्र मतभेद झाले होते. सगळा वेळ संस्थेचा, हे टिळकांचे तत्त्व मला पटते. आमच्याकडे शाळा सुटल्यावर शिकवण्या घेणाऱ्या शिक्षकांमुळे वर्गातले शिकवणे कसे आटते ते मी पाहिले आहे. तरीही मुख्याध्यापकाने वर्षानुवर्षे खपून विद्यार्थ्यांसाठी पुस्तक लिहिणे हे ‘बाहेरचे काम’ म्हणता येईल असे मला वाटत नाही. ते शाळेचेच काम आहे, शाळेच्या भिंतीबाहेरच्या मुलांसाठी केलेले. आपट्यांनी ते केले नसते तर सावंतवाडीत, साकोलीत, कारवारात संस्कृत शिकणाऱ्या मुलांच्या हाती काय असते?

संपादक महाशय, हे सगळे आता लिहिण्याचे कारण सांगते. गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थिनीचा फोन आला. ती ज्या शाळेत शिकवते तिथे ग्रंथालयाची खोली डिजिटल वर्गासाठी रिकामी करायची होती. पुस्तके किलोवर गेली. त्यात आपटे कोशाचे तीनही खंड होते. तिने रद्दीवाल्याला पैसे देऊन ते परत घेतले. शाळेचे नाव मी लिहीत नाही. ती शाळा वाईट नाही आणि असे करणारी ती एकटी नाही. मुख्याध्यापकांना तिने विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘आता सगळे नेटवर आहे.’ ते खोटे नाही. हा कोश शिकागो विद्यापीठाच्या आणि जर्मनीतल्या कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळांवर फुकट बघायला मिळतो, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या शाळेतल्या किती मुलांना ते दाखवले गेले? एकालाही नाही.

त्या मुख्याध्यापकांना मी दोष देत नाही. मला त्यांची परिस्थिती माहीत आहे. यू-डायस या सरकारी ऑनलाइन नोंदीत शाळेची माहिती भरायची, आधार जुळवायचे, संचमान्यतेसाठी, म्हणजे शिक्षकांची पदे मंजूर व्हावीत म्हणून, पट सिद्ध करायचा, पोषण आहाराच्या तांदळाचा आणि डाळीचा हिशेब द्यायचा, निवडणूक आली की तहसीलदारांकडे माणसे पाठवायची, आणि हे सगळे ‘आज सायंकाळी पाचपर्यंत’. व्हॉट्सॲपच्या गटावर आदेश येतो आणि गावात रेंज नसते. विनाअनुदानित शाळेचा मुख्याध्यापक असेल तर वर फी, पालक आणि संस्थाचालक या तिघांमधली ओढाताण. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा २०१२ साली आला, शाळा पुष्कळ निघाल्या, पण १८८० च्या त्या पाच-सहा तरुणांनी शिक्षण स्वस्त व्हावे म्हणून खाजगी शाळा काढली होती, हे आजच्या किती खाजगी शाळांच्या माहितीपत्रकात सापडेल? मुख्याध्यापक वर्गावर जात नाही, कारण त्याला जाऊ दिले जात नाही. मग तो पुस्तक काय लिहिणार आणि असोलोपालचा पोरका मुलगा काय ओळखणार?

संस्कृतची अवस्था तर आणखी वेगळी. दहावीला शंभर गुणांचे संपूर्ण संस्कृत किंवा पन्नासाचे संयुक्त संस्कृत मुले घेतात ती टक्केवारीसाठी. पैकीच्या पैकी गुण मिळवलेली मुले मला रस्त्यात भेटतात, नमस्कार करतात, पेढे देतात. मला आनंद होतो. ‘कोश कधी उघडलास का गं?’ असे विचारले की मान खाली जाते. वर्णानुक्रमाने शब्द शोधणे ही एक सवय आहे आणि ती आठवीतच लागते, नंतर लागत नाही. मी दर शुक्रवारी शेवटच्या तासाला वर्गात कोश नेत असे. तीन खंड, चाळीस मुले, एकेका बाकाला एकेक शब्द. शोधणाऱ्याने तो मोठ्याने वाचायचा, इंग्रजी अर्थाचे मराठी करायचे, आणि त्या शब्दाखाली जी ओळ दिली असेल ती फळ्यावर लिहायची. गोंधळ होई, पाने कोपऱ्यात मुडपत, एका खंडाचा कणा तर निखळला आणि तो आम्ही बांधून घेतला. त्या शुक्रवारांतून शिकलेल्या काही मुली आज स्वतः संस्कृत शिकवतात. रद्दीवाल्याकडून खंड परत घेणारी त्यांतलीच एक.

म्हणून माझ्या काही विनंत्या आहेत.

नऊ ऑगस्टला क्रांतिदिन झाल्यावर, संस्कृत शिकवणाऱ्या माध्यमिक शाळांनी एकच तास कोशासाठी द्यावा. भाषण नको, हार नको, प्रमुख पाहुणे नकोत. मुलांच्या हाती कोश द्यावा आणि ‘न्याय’ शब्द काढायला सांगावा. इंटरनेट असेल तर पडद्यावर काढावा. मुख्याध्यापकांनी तो तास स्वतः घ्यावा. संस्कृत येत नसले तरी चालेल, मुलांबरोबर शोधावे.

शिक्षण विभागाला विनंती अशी की मुख्याध्यापकाने आठवड्याला किमान काही तास शिकवलेच पाहिजेत, आणि त्या वेळात त्याच्याकडून कोणतीही ऑनलाइन माहिती मागवली जाऊ नये. लिपिकाचे पद भरले तर हे सहज शक्य आहे. छोट्या खाजगी शाळांत हे पद रिकामेच असते आणि त्याचे काम मुख्याध्यापकाच्या टेबलावर येते, याचा अनुभव मला आहे, इतरांनाही असेल.

आणि सिंधुदुर्गातल्या आमच्या लोकांना सांगणे असे की बांद्याच्या बाजूला राहणाऱ्यांनी आपल्या मुलांना एवढे तरी सांगावे, की जगभरच्या विद्यापीठांत ज्यांचा कोश उघडला जातो ते आपल्या गावाकडचे होते आणि हायस्कूलचे हेडमास्तर होते. तुमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी आपट्यांच्या ‘गाइड’ची किंवा कोशाची जुनी, शाळकरी हातांनी खुणा केलेली प्रत असेल, तर ती रद्दीत घालू नये. जवळच्या माध्यमिक शाळेतल्या संस्कृतच्या शिक्षिकेला नेऊन द्यावी. ती घ्यायला नाही म्हणाली, तर तुमच्या कार्यालयाच्या पत्त्यावर माझ्या नावे पाठवावी. बांधून घेऊन गरजू शाळेत पोचवण्याचे काम मी आणि माझ्या काही माजी विद्यार्थिनी आनंदाने करू. पोस्टाचा खर्च आमचा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मुख्याध्यापिका,
सावंतवाडी, जि. सिंधुदुर्ग